ब्रश धुण्याची जागा

"मोरीत पाय ठेवला की निळा होऊन निघतो. या वयात मला कुठं मिरवायचंय?" सासूबाई पुटपुटल्या. स्वतःशीच, पण धाकट्या सुनेला, म्हणजे घरातल्या चित्रकाराला, ऐकू जाईल इतपत.

धाकटीनं कानाआड केलं. बाहेरच्या खोलीत प्रदर्शनवाले गृहस्थ तिच्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे होते. भिंतभर झरा, हिरव्या काळोखातला. प्रदर्शन मिळणार की नाही, ते या चित्रावरच ठरायचं होतं.

हे सुचलं कुठं, त्यांनी विचारलं. धाकटीला निमित्तच हवं होतं. डोंगरापलीकडच्या रानातल्या लोकांकडे ती राहून आली होती. ती माणसं झऱ्यात हातसुद्धा बुडवत नाहीत. पाणी उचलून लांब नेतात, काय धुवायचं ते तिकडे. हिनं पहिल्याच दिवशी झऱ्यात ब्रश विसळला. कुणी रागावलं नाही. बायका आल्या आणि मुकाट्यानं झऱ्याचं सगळं कुंड उपसून काढलं. नवं पाणी साठेपर्यंत अख्खी वस्ती तहानलेली बसून राहिली. हीही बसली, मान खाली घालून.

"तेव्हापासून पाण्याकडे बघायची नजरच बदलली माझी," धाकटी म्हणाली. हे वाक्य आता तिला पाठ झालं होतं.

गृहस्थ हेलावले. खिडकीशी जाऊन म्हणाले, भाग्यवान आहात, घरामागेच ओढा. मासे येत असतील.

सासूबाईंना एकदम चष्मा पुसायची आठवण झाली. जन्मात कपबशी न उचललेला धाकटीचा नवरा कप गोळा करू लागला.

"येतात ना," धाकटी म्हणाली.

थोरली जाऊ दारात होती, भाजीच्या वाफ्यासाठी नळाचं पाणी घेऊन निघालेली. ओढा हाकेवर, तरी हल्ली ती वाफ्याला नळाचंच पाणी घालायची. तिनं बादली खाली ठेवली.

"नाही येत," ती हळूच म्हणाली. "हिच्या रंगाचं, टर्पेंटाईनचं पाणी मोरीतून ओढ्यातच जातं. मासे मेले, ते आम्ही पहाटे उचलून पुरले. हिच्या नजरेला पडायला नकोत म्हणून."

मग ती धाकटीकडे वळली.

"पण तू पाहिलंस. मी वर तुझ्या खिडकीकडे बघितलं, तेव्हा तू पडदा ओढून घेतलास."