वरील मताशी सहमत

"वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे," असं बेकरीवाल्याने लिहिलं होतं. त्याच्याखाली क्रेनवाल्याने तेच लिहिलं होतं, त्याच्याखाली दोघी बहिणींनी. एकाने तर 'सहमत'चं 'सहतम' केलं होतं आणि पुढच्या तिघांनी ते इमानेइतबारे तसंच उतरवून घेतलं होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला.

दूरशिक्षणाचा वर्ग, विषय संवादकौशल्य. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. जे काय बोलायचं ते विद्यापीठाच्या चर्चामंचावर लिहून. दर आठवड्याला बाईंनी प्रश्न टाकायचा आणि प्रत्येकाने स्वतःचं मत मांडायचं, असा नियम. पण त्या नियमाला 'किंवा दुसऱ्याच्या मतावर प्रतिक्रिया द्यावी' असं एक शेपूट होतं आणि अख्खा वर्ग त्या शेपटाला लोंबकळत होता. या आठवड्याचा प्रश्न होता, घरातलं भांडण तुम्ही कसं मिटवता? पहिलं उत्तर नेहमीप्रमाणे नर्सताईंचं. बाकी सगळे सहमत.

"अहो, निदान भांडणं तरी तुमची तुमची असतील ना!" बाई लॅपटॉपवर ओरडल्या.

"कुणाशी बोलतेस गं?" आतून अप्पांनी विचारलं.

"भिंतीशी!"

अप्पा म्हणजे बाईंचे वडील. सगळा जन्म हेडमास्तरकीत गेला आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंगावर. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं बाईंकडेच, म्हणून तर ही घरबसल्या शिकवायची नोकरी त्यांना देवासारखी भेटली होती. पण ती कंत्राटी. समन्वयकांच्या समितीने मान डोलावली तरच पुढचं वर्ष. नाहीतर बाहेर नोकरी शोधायची आणि अप्पांना परक्या हातांवर सोपवायचं.

आणि हे समन्वयक म्हणजे आणखी एक डोकेदुखी.

"बाई, मंचावरचा तुमचा खुलासा वाचला," त्यांनी मध्ये एकदा फोन केला होता. "पण खुलासा कशाचा, ते काही कळेना."

"सर, विद्यार्थ्याचा प्रश्न वरतीच आहे."

"वरती तर तुम्हीच आहात."

"तुमचं बरोबर आहे, पण माझ्याही वर बघा ना."

"तुमच्या वर विद्यापीठाचं बोधचिन्ह आहे."

बाईंनी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून किंचाळल्या. माणूस धड वाचत नाही, नुसता चाळतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

वर्ष संपत आलं तसा समन्वयकांनी मंचावर एक विषय टाकला. 'आपल्या शिक्षिकेविषयी मोकळेपणाने लिहा. शुक्रवारी समिती त्यावरूनच निर्णय घेईल.'

बाईंना मंच उघडायचा धीरच होईना. वर्षभर त्या मुलांना काय कमी बोलल्या होत्या? 'तुम्ही माणसं आहात की पोपट?' असंही एकदा रागाच्या भरात लिहून झालं होतं. आता पोपटांची पाळी होती.

शेवटी अप्पांनीच हट्ट धरला. "उघड ते. मार खायचाच आहे तर लवकर खाऊन मोकळं व्हावं."

सगळ्यात आधी नर्सताईंनी लिहिलं होतं. 'बाई रागावतात, पण वाचतात. माझी प्रत्येक ओळ त्यांनी वाचली. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी मी पूर्वी दारातून सांगायची. आता शेजारी बसून सांगते. हे मला बाईंनी शिकवलं. त्यांना सोडू नका.'

त्याच्याखाली बेकरीवाला, क्रेनवाला, दोघी बहिणी, झाडून सगळा वर्ग. वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.

वर्षभर ज्या वाक्याने डोकं उठवलं होतं तेच वाचताना बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. एकूण एक.

"आता चार ओळी तू लिही," अप्पा डोळे पुसत म्हणाले. "कौतुक नुसतं गिळून बसू नये."

बाईंनी लिहिलं, 'तुमच्या प्रेमाबद्दल मनापासून आभार.'

"खोड ते! आपल्या माणसांचे कुणी आभार मानतं? विनयाने लिही. मी सांगतो."

अप्पा सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. 'मी काही फार मोठी शिक्षिका नाही. शिकवण्यात माझ्याकडून पुष्कळ उणिवा राहिल्या. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळायला हवं होतं. चुकलंमाकलं पोटात घाला.'

"अप्पा, जरा जास्तच होतंय."

"होऊ दे. समितीलाही कळू दे, कुणाची मुलगी आहे ते."

बाई हसल्या आणि त्यांनी ते मंचावर टाकलं. त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही.

शुक्रवारी शेजारच्या काकूंना अप्पांपाशी बसवून बाई विद्यापीठात गेल्या. बैठक नुकतीच संपली होती. समन्वयक चक्क उठून उभे राहिले, त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली आणि समितीपुढे ठेवलेला कागद बाईंच्या हातात दिला. मंचाचं पहिलं पान त्यांनी आपल्या संगणकावरून छापून घेतलं होतं, जसं त्यांना रोज दिसायचं तसं, ताजं लिखाण सगळ्यात वर. पहिल्या चार ओळी बाईंच्या होत्या. त्यांच्याखाली पान संपेपर्यंत अख्खा वर्ग रांगेने उभा होता. नर्सताई त्या पानावर नव्हत्याच.

"असं स्वतःहून कबूल करायला फार मोठं मन लागतं, बाई," समन्वयक हळहळून म्हणाले. "पण एकूण एक विद्यार्थी तुमच्याशी पूर्णपणे सहमत आहे म्हटल्यावर समितीने तरी काय करायचं?"