चुकलं की बोट वर

डॉक्टरांनी पाच शब्द सावकाश वाचले आणि कागद पालथा घातला. खिडकी, साबण, घोडा, पाकीट, लिंबू. मग त्यांनी समोरच्या मुलीला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. हे सगळं झाल्यावर ते पाच शब्द पुन्हा विचारणार होते. कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसलेल्या कोचसरांचा जीव टांगणीला लागला होता. आज डॉक्टरांची सही मिळाली तर त्यांची गोलकीपर रविवारी अंतिम सामना खेळणार होती. नाही मिळाली तर बदली गोलकीपर, आणि तिला उंच चेंडू आला की धडकी भरायची. पंधरा वर्षांत सरांचा संघ पहिल्यांदा इथवर पोचला होता.

गोलकीपरला सगळ्या मुली भिंत म्हणायच्या. तीन आठवड्यांपूर्वी, उपांत्य सामन्यात, एक चेंडू अडवताना भिंतीचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. सरांनी बाहेरून हात करून विचारलं, ठीक आहेस ना. तिने मान हलवली. त्यांना तेवढंच हवं होतं. मध्यंतरात ती थेट समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसली आणि त्यांच्याच बाटलीतलं पाणी प्यायली, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले.

मेंदूला मार बसला होता. सुरुवातीला अंधारी खोली, मोबाइल बंद आणि आईचा चोवीस तास पहारा. थोडं बरं वाटायला लागल्यावर डॉक्टरांनी तिला दवाखान्यातल्याच फिजिओताईंकडे पाठवलं. मागच्या खोलीत पडदे ओढून ताई तिच्याकडून हलकी आसनं करून घ्यायच्या. डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही. पाय खुर्चीवर ठेवून उताणं पडायचं, बसल्या बसल्या खांदे फिरवायचे, मान हळूच एका बाजूला न्यायची आणि दुखायच्या आत परत आणायची. शेवटी श्वास मोजायचे, एक ते दहा. मन भरकटलं की बोट वर करायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

तिला घरी न्यायला आलेले सर दाराशी उभे राहून हे बघायचे आणि त्यांना हसू यायचं. पेनल्टीच्या वेळी पापणीही न हलवणारी पोरगी, आणि तिला श्वास घ्यायला शिकवतायत! पहिल्याच दिवशी तिने डोळे उघडून दहा झाले म्हणून ठोकून दिलं. ताई चिडल्या नाहीत.

"दहा झाले का, ते मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "कुठे सुटलं, तेवढं सांग."

भिंत ओशाळून म्हणाली, तीनला. त्या दिवशी तिने अकरा वेळा बोट वर केलं. दर वेळी ताई अशा खूश झाल्या, जणू पोरीने गोलच वाचवला. एकदा सरांनीही दारात उभ्या उभ्या मोजून पाहिलं. चारला त्यांना बदली गोलकीपर आठवली. तरी त्यांनी रेटून दहापर्यंत नेलं. बघायला कोण होतं?

इतक्या वर्षांत डोक्याला लागलेल्या किती मुलींना घेऊन ते या खोलीत बसले होते, त्याची गणतीच नव्हती. डॉक्टरांकडे शब्दांच्या तीनच याद्या होत्या आणि तिन्ही सरांना तोंडपाठ झाल्या होत्या. चार दिवसांपूर्वी त्यांनी त्या एका कागदावर उतरवल्या आणि भिंतीच्या बॅगेत सरकवल्या. नुसती नजर टाक, म्हणाले. तिने तो कागद परत केला नव्हता.

"आता ते शब्द सांग बघू," डॉक्टर म्हणाले.

खिडकी, साबण, घोडा, पाकीट, लिंबू. ती कुठेही अडखळली नाही. डॉक्टरांनी शाबासकी दिली, फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. सर खुर्चीत मागे रेलले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना पाठ टेकवावीशी वाटली.

आणि भिंतीने बोट वर केलं.

डॉक्टरांना वाटलं, पाणी हवं असेल. सरांना मात्र ते बोट चांगलं ओळखीचं होतं.

"शब्द मला आधीच पाठ होते," ती म्हणाली. "आणि उजेडाकडे बघितलं की डोकं अजून ठणकतं. पुन्हा एकपासून सुरू करूया."

रविवार हातचा गेला, हे आधी सरांच्या लक्षात आलं आणि त्यांना सणकून राग आला. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. या याद्या त्यांच्या टेबलाबाहेर कधी जात नव्हत्या, मग तिला दिल्या कोणी, असं त्यांनी विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. स्वतःचं चुकलं ते मी सांगितलं, म्हणाली, दुसऱ्याचं मी सांगणार नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, आवाज चढवून विचारलं. एक नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. तिने कोपऱ्याकडे साधं पाहिलंसुद्धा नाही.

सर तिच्याकडे बघत होते. तिने अडवलेले चेंडू त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते, त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या, छाती फुगवून लोकांना सांगितलं होतं की ही माझी गोलकीपर. पण आजच्याइतका अभिमान त्यांना कधीच वाटला नव्हता, आणि आजच्याइतकी स्वतःची लाजही. आता बोललं तर संघ जाईल, पंधरा वर्षांचं नाव जाईल. त्यांनी एक श्वास घेतला.

डॉक्टरांनी मान वळवली. "तुम्हाला काय हवंय, सर?"

कोचसरांचं बोट वर होतं.