फादर येण्यापूर्वी

जितेशने रोझलीन टीचरच्या घरच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली आणि विंडोजचा पंचवीस अक्षरांचा नंबर कुठेही न बघता टाइप करायला घेतला.

"पाठ आहे तुला?" टीचरनी विचारलं.

"अख्ख्या वसईत मी हाच टाकतो, टीचर."

"म्हणजे चोरीची कॉपी." टीचरनी त्याचा हात धरला. "रविवारी फादर येतायत याला आशीर्वाद द्यायला. चोरीच्या मालावर पवित्र पाणी शिंपडायला लावू त्यांना? विकतची आण."

"विकतची कोण घेतं, टीचर!"

"मी घेते. फादरांनीच तुझं नाव सुचवलं, म्हणून तुला बोलावलं ना!"

जितेश मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून विंडोजची सीलबंद पेटी घेऊन आला.

रविवारी प्रार्थना झाली. फादरांनी कीबोर्ड सांभाळत पाणी शिंपडलं. मग टेबलावरची पेटी उचलून मागूनपुढून निरखली.

"लायसन्स अशा पेटीत येतं होय?"

"हो फादर, ओरिजिनल आहे," टीचर अभिमानाने म्हणाल्या.

फादर जितेशकडे वळले. "मग आपल्या चर्चच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पेटी कुठे ठेवलीस रे, बाबा? त्यालाही मीच आशीर्वाद दिलाय."