या घरापुरता

“यांना सांगा, घराच्या मागच्या भिंतीपासून वीस पावलांवर समुद्र आहे,” नोटरीसाहेब म्हणाले. दुभाषी पेरेदेसबाईंनी लगेच ते घर घेणाऱ्या एवारिस्तोला इंग्रजीत सांगितलं.

आता बोला! त्याच समुद्रात एवारिस्तो पोहायला शिकला होता. त्याच घरात जन्मला होता.

“साहेब, मला स्पॅनिश येतं हो,” तो तिसऱ्यांदा म्हणाला. “मी इथलाच आहे.”

नोटरीसाहेबांनी फाइलवर बोट ठेवलं. “इथे ‘परदेशी’ लिहिलंय. परदेशी म्हटला की मी दुभाषी बसवतोच. उद्या कुणी म्हणालं, याला कागद कळलाच नव्हता, तर मान माझी अडकते. गुपचूप ऐका.”

मग तो गुपचूप ऐकत बसला. पेरेदेसबाईंचं इंग्रजी हॉटेलातल्या पाहुण्यांकडून उचललेलं. त्यात घराच्या चतुःसीमा सांगताना त्यांचा जीव मेटाकुटीला येत होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घर विकणारी बसली होती. ओबदुलिया, त्याची सख्खी मोठी बहीण. घरचे सगळे तिला लिया म्हणत. आई आठ वर्षं अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिचं सगळं लियाने केलं. एवारिस्तोची पत्रं येत राहिली, तो आला नाही. आई गेली तेव्हाही नाही. तेव्हापासून लियाने त्याच्याशी बोलणं टाकलं. आता तिचे गुडघे गेले होते आणि खाऱ्या वाऱ्याने छप्पर खाल्लं होतं. एक हॉटेलवाला घर घेणार होता, त्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. गिऱ्हाईक उरलं एकच, भाऊ.

तोही सरळ घेऊ शकत नव्हता. बाविसाव्या वर्षी तो सरहद्दीपलीकडे उत्तरेला गेला होता. गोदीतली नोकरी पक्की व्हावी म्हणून त्याने तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. आमच्याकडे मेक्सिकोत तेव्हा कायदा कडक होता. दुसऱ्याची शपथ घेतली की आपला देश सुटला. आणि परदेशी माणसाला आमच्या किनाऱ्यावर घर स्वतःच्या नावावर घेता येत नाही. घर बँकेच्या नावावर राहतं, बँक ते त्याच्यासाठी सांभाळते. राहायचं त्याने, विकायचं त्याने, पण मालक म्हणून नाव बँकेचं. करार पन्नास वर्षांचा. एवारिस्तोला एकसष्टावं चालू होतं.

“तुमच्या मागे हा हक्क कुणाला?” नोटरीसाहेबांनी विचारलं. “बायको?”

“सोडून गेली.”

“मुलं?”

“नाहीत.”

“अहो, कुणी तरी असेल ना?”

एवारिस्तोने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. “बहीण आहे. तिचं नाव घाला. आणि साहेब, तिला घर सोडायची गरज नाही. मी त्यासाठीच घेतोय. तिने तिच्या खोलीत राहावं. मी एका कोपऱ्यात पडून राहीन.”

लिया पहिल्यांदा बोलली, तेही पेरेदेसबाईंकडे बघून. “या साहेबांना सांगा, परक्याच्या घरात मी राहत नाही.”

पेरेदेसबाई बिचाऱ्या गोंधळल्या. हे इंग्रजीत सांगायचं की नाही, त्यांना कळेना. एवढ्या वर्षांच्या परमुलखात एवारिस्तोला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

“नावाची जागा तूर्त कोरी ठेवू,” असं म्हणत नोटरीसाहेबांनी पान उलटलं आणि ते भराभरा वाचू लागले. “खरेदीदार परदेशी असला तरी या घरापुरता तो स्वतःला मेक्सिकन समजेल. घरावरून तंटा झाल्यास स्वतःच्या परदेशी सरकारकडे दाद मागणार नाही. मागितल्यास घर सरकारजमा.”

“थांबा,” एवारिस्तो म्हणाला. “परत वाचा.”

“हे कलम सगळ्यांनाच असतं हो. तुम्हा लोकांनी उद्या तिकडून फौजफाटा आणू नये म्हणून.”

“परत वाचा साहेब, तुमच्या पाया पडतो.”

साहेबांनी परत वाचलं, या वेळी सावकाश. “या घरापुरता तो मेक्सिकन.”

“लिया, ऐकलंस? त्या घरात मी परका नाही. सरकारच म्हणतंय.”

लियाने ऐकलं. पुढ्यातला कागद ओढला, सही केली, खिशातली किल्ली टेबलावर ठेवली आणि गुडघे सावरत बाहेर पडली. मावसबहिणीने तिला आपली मागची खोली देऊ केली होती.

त्या संध्याकाळी एवारिस्तो घरात एकटाच फिरला. आईच्या खोलीत गेला, माजघरात आला. काय करावं सुचेना. बाहेर सगळी गल्ली खुर्च्या टाकून गप्पा मारत बसली होती. त्याला कुणी हाक मारली नाही. या घरापुरता मेक्सिकन, ठीक आहे. पण घरात दुसरं माणूसच नसेल तर तो मेक्सिकनपणा काय भिंतींना दाखवायचा?

तेवढ्यात दार वाजलं.

आमच्या गल्लीत दार कुणी वाजवत नाही. लोक हाक मारतात आणि थेट चुलीपर्यंत येतात. दार वाजवतो तो सरकारी माणूस, नाहीतर परका. कागदात काही राहिलं असेल म्हणून एवारिस्तो उठला.

दारात लिया होती. काखेत तिची उशी. चौसष्ट वर्षं ज्या घरात ती कुणालाही न विचारता वावरली, त्याच्या उंबऱ्याबाहेर खाली मान घालून उभी होती.

“आत आलं तर चालेल का?” तिने विचारलं.