वर दोन, खाली सहा

"सहातून दोन गेले, उरले चार," ओव्हरसियर साहेब म्हणाले. "ताशी दोन बोटं पाणी उतरतं, म्हणजे झाले दोन तास. आता वाजलेत नऊ. तळ्याची फळी सातला उचलली."

सातला तळ्याच्या बांधावर गेणू दिसला होता. खांद्यावर फावडं टाकून चाललेल्या त्याला शेजारच्या रानातल्या हिंदुरावांनी स्वतः पाहिलं होतं. आता तो साहेबांपुढे हात जोडून उभा होता आणि मागे त्याची बायको द्वारकाबाई तोंडात पदर धरून. पाणी चोरणाऱ्याची पाळी हंगामभर बंद, असा नियम होता. फाल्गुन लागला होता. पाळी गेली की गेणूचा ऊस चुलीत घालायच्याच लायकीचा राहणार होता.

"साहेब, मी शेताकडं चाललो व्हतो. फळीला हातबी न्हाय लावला."

"चोर कदी व्हय म्हनतो का रं?" हिंदुराव म्हणाले. लोक हसले. दुसऱ्याचं पाणी बंद होत असलं की माणसाला हसू लवकर येतं.

पिंपळीच्या या तळ्यात कालव्याचं पाणी साठवायचं आणि फळी उचलून पाळीपाळीनं चारीत सोडायचं. तळ्यात एक दगडी खांब होता. खांबावर चुन्याची रेघ, ती शून्य. पाणी रेघेच्या किती बोटं वर किंवा खाली, ते पाटकरी कुंडलिकनं रोज पाटीवर मांडायचं. काल दिवस मावळताना त्यानं नुसते दोन मांडले होते. आज फळी उचललेलीच सापडली, तेव्हा साहेबांनी स्वतः मोजून खाली सहा मांडले. पाणी तिघांच्या रानात फिरलं होतं, गेणूच्या, हिंदुरावांच्या आणि कुंडलिकच्या बापाच्या. त्यामुळे ओलं रान बघून काही कळायला मार्ग नव्हता.

कुंडलिक पाटीकडे बघत होता. तो यंदा सातवीच्या परीक्षेला बसणार होता आणि पास झालास की कारकुनी तुझी, असं साहेबांनी कबूल केलं होतं. वर्गमुळं तो तोंडी काढी. पाहुणे आले की त्याचा बाप महिपती त्याला हाक मारी, "सांग रं, सव्वासहाशाचं मूळ!" कुंडलिकनं पंचवीस म्हटलं की महिपती मिशीवरून हात फिरवी. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण ऐट अशी, की ते मूळ जणू त्यानंच उपटून आणलंय.

शून्याखालचे आकडे मात्र कुंडलिकच्या डोक्यात शिरत नव्हते. गुरुजींच्या छड्यांनीही शिरले नाहीत. ते शिरवले बापानं, विहिरीवर नेऊन. "ह्यो काठ तुजं शून्य. वट्याच्या दोन पायऱ्या वर चढ. चढलास? आता काठाखालच्या सहाव्या पायरीवर जा, आन् पायऱ्या मोजत जा." कुंडलिक मोजत उतरला होता. आठ भरल्या होत्या.

वर दोन, खाली सहा. साहेबांनी वजा केले, पण हे तर मिळवायचे होते. आठ बोटं, चार तास. फळी सातला नव्हे, पाचला उचलली होती.

अडलेलं गणित सुटल्याच्या आनंदात त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पाचला अंधार असतो. उजाडेपर्यंत तळ्यावर राखण असते आणि राखण त्याचीच होती. पण आज साडेचारलाच बाप घोंगडी पांघरून आला होता. "तू जा, वाईच पड. मी बसतो हितं." बापाच्या वांग्यांनी चार दिवसांपासून माना टाकल्या होत्या. पाळीला अजून आठवडा होता.

त्यानं बापाकडे पाहिलं. महिपती बांधाच्या टोकाला उभा होता. सगळे हसले तेव्हाही तो हसला नव्हता. तो खांबावरच्या रेघेकडे बघत होता आणि त्याचे ओठ हळूहळू हलत होते. पायऱ्या मोजत होता तो.

गप्प बसलं तर कुणालाच कळणार नव्हतं. बापाची अब्रू राहील, कारकुनी मिळेल. कुंडलिकला वाटलं, तळ्यात उडी घ्यावी. तोवर साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "गेणूचं पूर्ण नाव सांगा." द्वारकाबाई मटकन खाली बसली.

"साहेब, चुकतंय," कुंडलिक म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "कालचे दोन रेघंच्या वरचे हायत. आजचे सहा खालचे. वजा न्हाय, मिळवायचं. आठ बोटं उतरलंय पानी."

साहेबांचे कान लाल झाले. ते खांबाजवळ गेले, रेघेच्या वर दोन बोटं धरली, खाली सहा मोजली. मग मुकाट्यानं घड्याळ काढलं.

"म्हणजे पाच," ते म्हणाले. "पाचला राखणीला कोण होतं?"

आता कुणी हसलं नाही. गेणूचे हात अजून जोडलेलेच होते, पण तोंड कुंडलिककडे वळलं होतं.

"मी व्हतो," कुंडलिक म्हणाला. "मीच उचलली फळी."

"तू?" साहेबांना राग आवरेना. "अरे, तुझ्यासाठी मी वर शब्द टाकला होता! उतरव तो पट्टा."

कुंडलिकनं छातीवरच्या पाटकऱ्याच्या पट्ट्याला हात घातला. बक्कल निघेना. तेवढ्यात माणसं बाजूला सारत महिपती पुढे आला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

"साहेब, पोराचं आठ बरोबर हाय," तो म्हणाला. "म्याच शिकवल्यालं. पर मागनं जे बोलला, ते खोटं हाय. पाचला हितं मी बसलो व्हतो."