शिवांजलीच्या दोनशे चौदा फाइली

चार वाजेपर्यंत तात्पुरत्या फाइली पुसून जागा मोकळी करा, नाहीतर साइट बंद होईल. पुण्याच्या कंपनीची मेल बसवेशने तिसऱ्यांदा वाचली. शब्द काही बदलले नव्हते. तीन वाजून गेले होते आणि समोरच्या खुर्चीत युसूफ वडगावचे कापड दुकानदार गुरुलिंगकाका बसले होते.

२००५ साल. बीडच्या आपल्या नेट कॅफेत बसून बसवेशने समाजातल्या वधूवरांची साइट स्वतः तयार केली होती. कोणी मुलीची माहिती मागितली की त्याचा प्रोग्राम तिच्या बायोडाटाची एक तात्पुरती फाइल बनवायचा. काम झाल्यावर ती पुसायची असते. तेवढंच लिहायला हा पठ्ठ्या विसरला. कंपनीने भाड्याने दिलेली जागा भरत गेली, आणि हा उलट त्या फाइली मोजून आईबापांना छापील कागद देऊ लागला, की तुमच्या मुलीला एवढ्या ठिकाणांहून विचारणा आहे. त्याला स्वतःलाही ते खरं वाटायचं.

"शिवांजलीचा आकडा कितीवर गेला?" काकांनी विचारलं. दर शनिवारी ते लेकीच्या या आकड्यासाठीच येत. "आप्पा आज कडा गावच्या स्थळाला होकार कळवायचा म्हणतेत. तुमचा कागद बघून दोन महिने थांबले. नसता कवाच सुपारी फुटली असती."

आप्पा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नसे, आणि काका तर नाहीच नाही.

"दोनशे चौदा," बसवेश म्हणाला. पुसण्याआधी त्याने यादी पहिल्यांदाच नीट उघडली. मागणी कुठल्या कनेक्शनवरून आली तो नंबर प्रत्येक फाइलीच्या नावात होता. फाइली दोनशे चौदा, नंबर एकच. तो त्याच्या स्वतःच्या कॅफेचा होता. रोज सकाळी दहाच्या पुढे, तीन-चार वेळा. त्या वेळी कॅफेत एकच गिऱ्हाईक असायचं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, बीडला होस्टेलवर राहणारी शिवांजली.

सांगावं तर पोरीचं बिंग फुटतं, आप्पा संध्याकाळच्या आत सुपारी फोडतात आणि परीक्षा राहते बाजूला. न सांगावं तर बापाची फसवणूक. गुपचूप पुसावं तर पुढच्या शनिवारी कागदावर शून्य. तो उठला, पंखा वाढवला, बसला, पुन्हा उठून पंखा कमी केला. काका नुसते बघत होते.

चारला वीस मिनिटं उरली तेव्हा त्याच्याने राहवेना.

"काका, खोटं बोलवत न्हाई. चारच्या आत समद्यांच्या फाइली पुसायच्यात, आन शिवांजलीच्या तर समद्या एकाच ठिकाणाहून निघाल्यात. भायेरून कुणीबी विचारलं न्हाई."

"ठाऊक हाय."

काकांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"बाकीच्यांचं पुसा. हिचं परीक्षा हुईपर्यंत ऱ्हाऊ द्या. आप्पांपुढं माजं तोंड उघडत न्हाई, बसवेश. रोज सकाळी फोन करून तिला हितं मीच धाडतो."