बांधावरची कण्हेर

“आई, ही तगर नाही. कण्हेर आहे, विषारी!” सुकन्यानं मुठीतली पानं सासूच्या पुढ्यात आपटली. दीड वर्षाच्या अथर्वनं ती तोंडाकडं नेली होती. तिचं लक्ष होतं म्हणून वाचला.

लीलाबाई बांधावरच्या त्याच झुडपाला पाणी घालत होत्या. घालतच राहिल्या. “तगरच हाय. पांढरं फूल दिसत न्हाय व्हय?”

“पांढरं फूल दोघींनाही येतं. पान बघा की! लांबट, टोकदार, एका पेरावर तीन-तीन. तगरीची पानं जोडीनं येतात. बारामतीच्या शेतकी कॉलेजात हेच शिकलेय मी.”

“मग शिकलेलीनं पोराकडं ध्यान ठिवावं.”

सुकन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ध्यान! डाळजच्या या वस्तीवर पोरामागं तिच्याशिवाय धावतं कोण? आणि ध्यान ठेवायची भाषा या बाईनं करावी? पहिली मुलगी तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा सुकन्या दवाखान्यात बेशुद्ध होती. घरच्यांनी परस्पर सगळं उरकलं. ती घरी आली, तर सासूच्या डोळ्यांत टिपूस नाही. “झालं गेलं इसरायचं,” एवढंच. सातव्या महिन्यात तिनं हौसेनं शिवलेली कुंचीसुद्धा यांनी हरवली. गुलाबी, नायलॉनची लेस लावलेली. घाईत एका बाजूला लेस उलटी बसली होती, तरी ती उसवायचं तिच्या जिवावर आलं होतं. विचारलं, तर म्हणाल्या, “दवाखान्यात ऱ्हायली आसंल.” अथर्वला नवी शिवावी लागली.

या झुडपाची मात्र केवढी बडदास्त! हायवेच्या दुभाजकातली फांदी आणून लावलेली. उन्हाळ्यात ऊस करपला, पण हिच्या बुडाशी ओल. बारमाही हिरवीगार. बरं, देवासाठी म्हणावं, तर त्यातलं एक फूल कधी देव्हाऱ्यात गेलं नाही. पूजेला शेजारच्या तानूबाईंच्या दारची जास्वंद.

“शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत तिला!” सुकन्या ओरडली.

“म्हणून तर लावली,” लीलाबाई पुटपुटल्या.

सुकन्या थबकलीच. “म्हणजे माहीत होतं तुम्हाला? विषारी आहे हे माहीत असून तगर म्हणून सांगत होतात?”

लीलाबाईंनी कळशी उचलली.

सुकन्यानं नवऱ्याला गाठलं. सुयोग मोटरसायकलला किक मारत होता. “आजच्या आज उपटा ते. पोराच्या जिवापेक्षा तुमच्या आईला झाड मोठं आहे का?”

सुयोगनं आईकडं पाहिलं. मग मान खाली घातली. “ऱ्हाऊ दे ना. जाळी मारतो भोवतीनं.”

“जाळी कशाला? तिची आरतीच ओवाळा!”

तो गाडी काढून निघून गेला. मायलेकांचं नेहमीचंच. गप्प बसायचं, की ही ओरडून ओरडून थकते.

आज ती थकणार नव्हती. लीलाबाई डेअरीला दूध घालायला गेल्या, तसं तिनं अथर्वला झोळीत झोपवलं आणि गोठ्यातली कुदळ काढली.

फांद्या कोयत्यानं छाटल्या. चीक हातावर उडाला, तो पदराला पुसला. मग बुडाशी घाव घालत सुटली. एकेका घावाला तोंडातून शब्द निघत होता. “विसरायचं म्हणे! टिपूस नाही! वरून मलाच शहाणपण!” माती भुसभुशीत होती, रोजच्या पाण्यानं मऊ झालेली. मुळं मात्र खोल गेली होती. तिनं कुदळ फेकली, खोडाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि सगळा राग लावून हिसका दिला.

झुडूप मातीच्या ढेकळासकट वर आलं.

मुळांच्या जाळ्यात काहीतरी गुंतलं होतं. तिनं अंगठ्यानं माती पुसली. गुलाबी लेस होती, एका बाजूला उलटी शिवलेली.